वीतभर चढलेले पाणी

प्रश्न : मी ओहायोतील टोलेडोजवळ राहतो. लहानपणी रायगडात वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणारे मासे धरलेले असल्यामुळे येथील मॉमी नदीत वसंतात चढणाऱ्या वॉलआय माशांची ओढ लागली. गेल्या वर्षी वेडर्स (पाण्यात उभे राहण्याची छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालून सलग दोन दिवस एकाच जागी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. पहिल्या दिवशी चार मासे मिळाले; दुसऱ्या दिवशी पाणी जेमतेम वीतभर चढलेले असताना गरीला एकही लागला नाही, आणि परतताना पाय सुटता सुटता वाचलो. वीतभर पाण्याने एवढा फरक पडतो का?
– एक वाचक, टोलेडो

उत्तर : पडतो. पाणी चढते तेव्हा केवळ खोली वाढत नाही, प्रवाहाचा वेगही वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. शिवाय पाणी जितके वर येते तितके रेटा झेलणारे अंग वाढते आणि तळव्यांवरचा भार हलका होतो. त्यामुळे काल ज्या गोट्यावर पाय रोवून उभे होता, त्याच गोट्यावरून आज तो घसरतो.

माशांचे म्हणाल, तर ते बहुधा आपल्या पाठीमागे होते. वॉलआय ईरी सरोवरातून मार्च-एप्रिलमध्ये खडी आणि गोट्यांच्या पात्रात अंडी घालण्यासाठी येतो, पण मुख्य धारेशी झगडत शक्ती वाया घालवत नाही. पाणी उतरलेले आणि निवळ असताना तो पात्रातल्या खोलगट भागात राहतो, म्हणून तेथे पोहोचायला वेडर्स उपयोगी पडतात. पाणी चढले की तो काठाच्या संथ पाण्यात, खडकांच्या आडोशाला सरकतो, आणि आपण मात्र कालच्या सवयीने त्याला ओलांडून पुढे जातो. वलगणीच्या माशांना असतो तसा पहिल्या पावसाचा मुहूर्त याला नसतो. पाणी साधारण ५ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की तो अंडी घालू लागतो.

पातळीचा आकडा पाहण्यापेक्षा तिचा कल पाहावा, असे माझे मत आहे. वॉटरव्हिल येथील सरकारी मापन केंद्राचा आलेख रोज पाहता येतो. मॉमीचे खोरे सपाट शेतजमिनीचे आहे आणि शेतांखाली पुरलेल्या नळ्यांतून पावसाचे पाणी झपाट्याने नदीत येते. त्यामुळे वर इंडियानात फोर्ट वेनकडे पाऊस झाला, तर आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही नदी फुगते आणि गढूळ होते. नदीत उतरण्यापूर्वी पाण्याच्या कडेला एक गोटा ठेवा. अर्ध्या तासाने तो पाण्यात गेलेला दिसला, तर गळ गुंडाळून काठावर यावे. बेटावर असाल तर तेवढाही वेळ थांबू नये, कारण येताना ओलांडलेला उथळ फाटा बेटापेक्षा आधी भरतो.

पेरिसबर्ग गावाच्या खालच्या अंगाला, सरोवराच्या बाजूला, आणखी एक गोष्ट आहे, जी वॉटरव्हिलच्या आकड्यात दिसत नाही. नैर्ऋत्येचा जोरदार वारा ईरी सरोवराचे पाणी पूर्व टोकाच्या बफेलोकडे लोटतो आणि टोलेडोच्या बाजूला पातळी खाली जाते. वारा पडला की तेच पाणी परत येते. उघडे पडलेले पात्र पाहून आत जाण्याचा मोह होतो, तो नेमका याच वेळी.

पुढच्या खेपेस पाणी चढते असेल, तर वेडर्स असले तरी गुडघ्यापुढे जाऊ नका आणि काठालगतच गळ टाका. वेडर्सवरचा पट्टा मात्र आवळलेला असू द्या, म्हणजे पडलात तरी पाणी आत शिरायला वेळ लागेल. धार वाढली की शिसे थोडे जड लावावे; ते तळावर न अडकता टक-टक करीत सरकत असल्याचे बोटाला जाणवले, म्हणजे वजन बरोबर आहे असे समजावे. फार हलके असेल तर आमिष माशांच्या डोक्यावरून वाहत जाते. चढत्या गढूळ पाण्यात गरी माशाच्या तोंडाऐवजी अंगात रुतण्याचे प्रसंगही येतात, आणि असा मासा तेथील नियमानुसार सोडून द्यावा लागतो.