शाळा म्हणते, ‘दाखला घेऊन जा’: पालकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न: माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे, अनुदानित शाळेत दुसरीत. वर्गात टिकून बसत नाही, मुलांना ढकलतो, चिडला की दप्तर फेकतो. मुख्याध्यापिका म्हणतात, ‘रोज वर्गात येऊन त्याच्याजवळ बसा, नाहीतर दाखल्याचा अर्ज द्या.’ मी रोजंदारीवर जाते, खासगी डॉक्टर परवडत नाहीत. सरकारी मदत कुठे मागायची? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर: ताई, आधी हे सांगतो की दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. तुमच्या सहीचा अर्ज गेला की कागदोपत्री शाळेने मुलाला काढलेलं नसतं, तुम्हीच त्याला नेलेलं असतं. मग तक्रार करायला जागा राहत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मागे ठेवायची वाट मोकळी झाली, पण काढून टाकायची नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा कायदा तिथे लागत नाही. तिथे दिव्यांग हक्क कायदा, 2016 पुढे करावा लागतो, आणि त्यासाठी मुलाचं निदान कागदावर हवं.

म्हणून पुढचं पाऊल दवाखान्याचं. जिल्हा रुग्णालयात ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ कुठे आहे ते विचारा. तिथे त्याला डीईआयसीच म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाने चिठ्ठी दिली तर उत्तम, पण पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, त्याची वाट पाहू नका. केंद्र सापडलं नाही तर बालरोग विभागाचा केसपेपर काढा आणि तिथून मनोविकार विभागाकडे पाठवायला सांगा. निघण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या. चुकीच्या वारी गेल्यामुळे एका दिवसाची मजुरी बुडते आणि पुष्कळ आयाबाया तिथेच थकतात.

‘मुलगा द्वाड आहे’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. दोन आठवडे वहीत नोंद करा: तारीख, वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, किती मिनिटं चाललं, नंतर मोठ्यांनी काय केलं. झोपेच्या वेळा लिहा. शाळेच्या वह्या, जन्माच्या वेळचा डिस्चार्ज कागद आणि लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. जमलं तर मोबाइलवर एखाद-दोन मिनिटांचं चित्रण. वर्गशिक्षिकेकडून चार ओळी लिहून आणाच, कारण अतिचंचलता (एडीएचडी) ठरवताना लक्षणं घरी आणि शाळेत, अशी किमान दोन ठिकाणी, सहा महिने तरी दिसावी लागतात. त्रास फक्त शाळेतच होत असेल तर वाचन-लेखनाची अडचण किंवा कोणी छळतंय का, याकडे आधी पाहायला हवं.

कान आणि डोळे तपासल्याशिवाय वर्तनाचं निदान स्वीकारू नका. अर्धवट ऐकू येणारं मूल हट्टी वाटतं. नाकामागच्या गाठी वाढून झोप मोडणारं मूल दिवसभर चिडचिडं असतं. मध्येच काही सेकंद शून्यात बघत असेल तर तेही सांगा, अपस्माराचा एक प्रकार असा दिसतो.

शाळेला लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. तोंडी विनंतीचा पुढे काही पुरावा राहत नाही. अर्जात मोजक्याच गोष्टी मागा: पहिल्या बाकावर, खिडकी-दारापासून दूर जागा, एका वेळी एकच सूचना, दर 10-15 मिनिटांनी उठायचं काम, जसं फळा पुसणं, वह्या वाटणं, आणि चिडला की जाऊन बसायची एक ठरलेली जागा. सोबत समग्र शिक्षा अभियान या सरकारी योजनेतल्या समावेशित शिक्षणाच्या (अडचण असलेल्या मुलांना सगळ्यांसोबत शिकवण्याच्या) विशेष शिक्षकाची भेट मागा. हे शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात भेटतात. शाळेने दाद दिली नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). लेखी तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि त्यावरचं अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जातं.

प्रश्न: मुलाला एडीएचडी आहे असं निदान झालं. त्यावर दिव्यांग कार्ड मिळेल का?

उत्तर: 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी वेगळं नोंदलेलं नाही, त्यामुळे फक्त तेवढ्या निदानावर केलेला अर्ज बहुधा अडतो. मात्र सोबत स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली कायमची अडचण) असेल तर त्या नावाने प्रमाणपत्र मिळतं, म्हणून पूर्ण तपासणी मागून घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र 8 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. अर्ज यूडीआयडीच्या (म्हणजे दिव्यांग कार्डाच्या) स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा आणि रुग्णालय निवडून तिथल्या तपासणी बोर्डाच्या दिवशी मुलाला न्यायचं. आधार आणि जन्मदाखल्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी खेटे वाढतात, तो आधी दुरुस्त करा. दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं कार्ड, 40 पासून 80 च्या आत पिवळं, 80 आणि वर निळं. बऱ्याच योजना 40 पासून सुरू होतात. वर्गातली साधी सोय शिक्षक कार्डाशिवायही करू शकतात, ती मागायला कार्डासाठी थांबू नका.

प्रश्न: मुलगी तीन वर्षांची. हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही, आवाज झाला की किंचाळते. सासूबाई म्हणतात, ‘तिचा बापही उशिराच बोलला.’

उत्तर: बाप उशिरा बोलला असेल, तरी हाकेला न बघणं ही वेगळी खूण आहे. या आठवड्यात अंगणवाडीताईंकडून चिठ्ठी घ्या आणि डीईआयसीत आधी श्रवणचाचणी करून घ्या. ती आवाजाला किंचाळते, म्हणून तिला सगळं ऐकू येतं असं धरून चालू नका. पुढे स्वमग्नता ठरली तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्यकवच मिळतं आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात; नोंदणीला दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. घरच्यांची समजूत घालताना तुमचाच धीर सुटला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.