कॉम्प्युटरचं घड्याळ रात्री नीट लावतो, सकाळी तारीख-वेळ पुन्हा चुकलेली. काय करू?

दादा, घड्याळाला हात लावण्याआधी ते नेमकं किती चुकतंय ते कागदावर लिहा. रोग त्या आकड्यावरूनच कळतो.

तुमच्याकडे रात्रीत तारीखही मागे जाते, म्हणजे बहुतेक मदरबोर्डवरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवरचा, सेल संपलाय. आमचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. दुकान वाढवलं की मेन स्विच बंद, ही वडिलांची शिस्त. प्लगमध्ये वीज असेपर्यंत घड्याळ त्याच विजेवर चालतं, वीज गेली की सगळा भार सेलवर. एका सकाळी सौद्याचं बिल कित्येक वर्षं जुन्या तारखेचं छापून आलं. बँकेची साइटही उघडेना, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायची. आम्ही दोन दिवस नेटवाल्याला बोल लावत बसलो. पण साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती ब्राउझर आपल्याच घड्याळावरून तपासतो, हे तेव्हा कुठे ठाऊक!

सेल सीआर२०३२ मागा. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. ३ व्होल्टचा, भडंगाच्या पुड्याएवढ्या किमतीचा. बदलण्याआधी बायोसमधल्या (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मूळ प्रोग्राम) सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सेल काढला की त्या पुसल्या जाऊ शकतात. मग वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, क्लिप सरकवून जुना सेल काढा. नवा बसवताना अधिकची खूण वर. सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये तारीख-वेळ लावा. लॅपटॉप असेल तर स्वतः उघडू नका, काहींत तो सेल वायरीला जोडलेला असतो.

चूक बरोब्बर साडेपाच तासांची असेल तर सेल निर्दोष. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ऑपरेटिंग सिस्टिम असल्या की असं होतं: बोर्डावरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. लिनक्सलाही स्थानिक वेळ मानायला लावा, भांडण मिटतं. अर्ध्याच तासाचा फरक असेल तर टाइम झोन निवडताना बोट घसरून पाकिस्तान किंवा बांगलादेशावर पडलंय.

महिन्याला मिनिटभर पुढे-मागे होत असेल तर दुरुस्ती नकोच, इंटरनेटवरून आपोआप वेळ घेण्याचा पर्याय चालू ठेवा.

आमच्याकडे मेन स्विच अजून रोज बंद होतो. वडिलांना सांगण्यापेक्षा गल्ल्यात एक जादा सेल ठेवणं सोपं पडलं.