रोज परीक्षा देऊ नकोस

महू,
रविवार

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पॅरा एसएफ, म्हणजे आपल्या फौजेच्या कमांडो तुकडीत जायचं म्हणून तू केलेलं वेळापत्रक वाचलं. पहाटे तीनला उठणं, पंचवीस किलोची सॅक पाठीवर टाकून पळणं, पाचशे बैठका, आठवड्यातून एक रात्र पूर्ण जागरण, आणि तळाशी लाल शाईत ‘नो एक्स्क्यूज’. आधी हसू आलं, मग काळजी वाटली. यातलं काय कुठून उचललं आहेस ते मला ओळखू येतं. अमेरिकन नौदलाच्या सील कमांडोंचा साडेपाच दिवसांचा ‘हेल वीक’, ब्रिटिश एसएएस कमांडोंची वेल्सच्या डोंगरांतली चाल, आपल्या पॅरा एसएफच्या प्रोबेशनचे, म्हणजे निवडीच्या कसोटीचे, मोबाइलवर फिरणारे तुकडे. सगळ्यांची भेळ करून तू ती रोज खायला बसला आहेस.

अरे, तू बघतोस ती त्या लोकांची परीक्षा आहे. तिथे माणसाला मुद्दाम टोकाला नेतात, कारण टोकाला गेल्यावर तो कसा वागतो हेच त्यांना बघायचं असतं. तू ती परीक्षा रोज देत राहिलास तर अभ्यास कधी करणार? पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमध्ये मी शिकलो आणि नोकरीतला बराचसा काळ ‘उस्ताद’ म्हणून पोरांना पळवण्यात घालवला. मरून बेरे, म्हणजे पॅराची ती लालसर टोपी, मी स्वतः कधी घातली नाही, तुला ते ठाऊक आहे. पण ती घालायला निघालेली पोरं माझ्या हाताखालून गेली. परत आलेल्यांपैकी कितीतरी जणांची छाती मजबूत होती, मनही खंबीर होतं. नडगी मात्र घरूनच दुखावून नेलेली होती.

आधी कॅलेंडर समोर घे. सीडीएसची, म्हणजे फौजेत अधिकारी व्हायची, लेखी परीक्षा तू पास झालास. आता भोपाळला एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. ती निघाली, मेडिकल पार पडलं, मेरिटमध्ये नाव आलं, तर डेहराडूनला आयएमए या लष्करी अकादमीत दीड वर्ष. मग कमिशन, मग पॅरासाठी स्वखुशीने नाव देणं, आणि त्यानंतर प्रोबेशन. त्या दारात उभं राहायला तुला किमान दोन वर्षं आहेत. आणि तू तर पुढच्या सोमवारपासूनच प्रोबेशन सुरू करायला निघाला आहेस!

दोन वर्षं हे तुझं भांडवल आहे, कारण शरीरातली सगळी खाती एकाच वेगाने चालत नाहीत. दम लवकर वाढतो. महिना-दीड महिना नेमाने पळालास की फरक जाणवतो, स्नायूही भरायला लागतात. हाडाचं तसं नसतं. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला काही महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमतंय, वाढवू या’ असं वाटतं, नेमकं तेव्हाच हाड सगळ्यात कच्चं असतं. फौजेत हे फार जुनं दुखणं आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांबद्दल लिहून ठेवलं. कारण त्यालाही उमगलं नव्हतं. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, आणि मग दिसलं की पावलाच्या हाडाला बारीक तडा गेलेला असतो. आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात.

नडगीची ओळख आत्ताच करून घे. लांबच लांब पट्टा ठणकत असेल आणि थोडं चालल्यावर मोकळा होत असेल, तर आठवडाभर पळणं कमी कर. पण बोट ठेवून ‘इथेच’ असं दाखवता येत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर पळणं त्या दिवशीच बंद आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत तडा बहुधा दिसतच नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आला’ एवढ्यावर उड्या मारू नकोस, एमआरआयबद्दल विचार. आणि पेनकिलर घेऊन पळायचं डोक्यातून काढून टाक. एक तर इशारा दाबला जातो, त्यात घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो.

आता वजनाचं. पाठीवर वजन घेऊन पळायचं नाही, चालायचं. सुरुवात आठ-दहा किलोने, आठवड्यातून एकदाच. वजन, अंतर आणि वेग यांतलं एका वेळी एकच वाढव. जानापावची चढण तुझ्या जवळ आहे, तिचा उपयोग कर. सॅकमध्ये विटा किंवा वाळू भरण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या भर. चढताना पूर्ण वजन, आणि वर पोचल्यावर निम्म्या बाटल्या झाडांना घाल. गुडघ्याचं वाटोळं उतरताना होतं, चढताना नाही. वजन पाठीच्या वरच्या भागात, खांद्याच्या फऱ्यांजवळ आणि अंगाला घट्ट राहू दे. खाली लोंबत राहिलं की कंबर जाते.

पावसाळ्यात एक दिवस मुद्दाम शेतातल्या वाटेने जा. आपल्या माळव्याची काळी माती बुटाला थरावर थर चिकटते. दहा पावलांत तळवा दुप्पट जाड होतो, पाऊल टाकलं की भलतीकडेच सरकतं आणि मोजे आतून ओले होतात. अशा वेळी टाचेला किंवा करंगळीच्या बाजूला आधी नुसतं गरम लागतं. फोड अजून आलेला नसतो. तिथल्या तिथे थांब, बूट काढ, जागा पुसून कोरडी कर, पट्टी लाव, मोजे बदल. पाच मिनिटं जातील. ‘टोळी पुढे चालली आहे, नंतर बघू’ म्हणणाऱ्याची संध्याकाळपर्यंत टाच सोललेली असते, आणि तिसऱ्या दिवशी तो लंगडत घरी. मी नव्या पोरांची पारख पुलअप्सवरून कमी आणि पायांची निगा बघून जास्त करायचो.

पाचशे बैठकांवर लगेच काट मार. जोर-बैठका उत्तमच, आपल्या तालमींनी पिढ्या घडवल्या. पण तालमीतला वस्ताद पोराला पहिल्या आठवड्यात पाचशे मारू देत नसे. सवय नसताना एकदम एवढ्या मारल्या तर स्नायू फुटून त्यातला कचरा रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबतात. मांड्या दगडासारख्या झाल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर घरी हळद-दूध पीत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

उन्हाचं दुसरं. २०१३ च्या जुलैत वेल्समधल्या ब्रेकन बीकन्स डोंगरात एसएएस निवडीच्या चालीत तीन राखीव सैनिक उष्माघाताने गेले. इंदूरच्या मे महिन्यापुढे तिथलं ऊन काहीच नव्हतं. अंगावर ओझं, घड्याळाशी शर्यत आणि थांबायची लाज, एवढं पुरतं. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून उन्हातला वेळ थोडा थोडा वाढवत ने. तहान लागेल तसं पाणी पी, लांबच्या चालीत मीठ-साखर-लिंबू घाल. पैज लावल्यासारखं लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसणंही जिवावर बेततं, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. सोबतचा मुलगा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर आधी त्याला सावलीत घेऊन पाण्याने भिजव, वारा घाल, मिळाल्यास पाण्यात बसव. गाडी येईपर्यंत हे थांबवू नकोस.

आणि ते हातपाय बांधून पोहण्याचं, पाण्याखाली श्वास रोखण्याचं व्हिडिओत बघितलंस ना, ते चोरलच्या धरणावर करायला जाशील तर तुझ्या आईच्या आधी मी तुझ्या कानाखाली वाजवीन. जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घ्यायची ऊर्मीच उशिरा येते आणि माणूस आवाज न करता पाण्यात बेशुद्ध पडतो. तिथे शिकवणारे पाण्यात शेजारी असतात. तू तलावात साधं, लांब, नीट पोहायला शीक.

झोपेबद्दल तर वादच नको. जागरणाची सवय करून साठा होत नाही. फक्त सर्दी-खोकला मागे लागतो आणि दुखावलेलं भरून यायला उशीर होतो. मित्रांबरोबर महिन्यातून एकदा रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा कीस खा, कोण नको म्हणतंय? पण रात्री दीडला घरी येऊन पहाटे तीनला उठण्यात कसली मर्दुमकी? सात-आठ तास झोप. खाण्याचं तुझी आई बघते आहेच. वरण-भात, भाकरी, उसळ, दूध, अंडी, मूठभर शेंगदाणे-गूळ. डब्यातल्या पावडरींवर पैसे घालवण्यापेक्षा ते बुटांसाठी ठेव.

आता भोपाळ. तिथे तुझी छाती बघायला कोणी बसलेलं नाही. वैयक्तिक अडथळे दहा आणि वेळ तीन मिनिटं, त्यात निम्मं काम डोक्याचं. अवघडाला जास्त गुण असतात, तेव्हा कुठून सुरू करून कुठे जायचं ते आधी बघून ठेवायचं. दोरीवर पोरं हाताने चढू बघतात आणि निम्म्यात लोंबकळतात. दोरी दोन पावलांत अडकवायची, पायांवर उभं राहायचं आणि हात वर सरकवायचे. आपल्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. दोरीचा मल्लखांब शिकवणारं कोणी गाठलंस तर हे महिन्याभरात अंगवळणी पडेल.

मानसशास्त्राच्या चाचण्यांत साठ शब्द येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. मग साठ प्रसंग अर्ध्या तासात. क्लासवाले त्याची तयार उत्तरं विकतात. पंधरा सेकंदांत उसनं उत्तर आठवून लिहिताही येईल, पण साठही वेळा एकाच माणसाचं वाटेल असं लिहिता येत नाही, आणि पुढे मैदानावर गटातल्या कामात त्या माणसासारखं वागायचंही असतं. म्हणून उत्तरं पाठ करण्याऐवजी घरातली, गल्लीतली कामं अंगावर घे. गणपतीच्या मंडपाचा हिशोब, आजीच्या पेन्शनची खेप, सोसायटीतलं पाण्याच्या टँकरचं भांडण. चार माणसं ऐकत नसताना काम पुढे कसं सरकवायचं हे तिथेच शिकायला मिळतं.

मनाच्या तयारीबद्दल तू दोन पानं लिहिली आहेस, त्यात ‘वेदना’ हा शब्द सारखा येतो. दुखणं सहन करणारे पुष्कळ असतात. माणसं खचतात ती किती वेळ चालायचंय ते न सांगितल्यामुळे. वीस किलोमीटर म्हणून निघालेलं असतं, विसाव्याला गाडी उभी असेल अशी मनाची समजूत असते, आणि तिथे उस्ताद म्हणतो, ‘गाडी पुढच्या वळणावर आहे.’ पुढच्या वळणावरही गाडी नसते. चेहरा पडतो तो तिथे. पायांत त्राण असतं, पण आतून माणूस रुसलेला असतो. परीक्षेतली एवढी एकच गोष्ट आधी थोडीथोडी करून बघायला माझी हरकत नाही. महिन्यातून एकदा, हलक्या वजनावर, अंतर मित्राला ठरवू दे आणि तुला सांगू नको म्हणावं. त्याने दोनदा फसवलं तरी चालेल. तेव्हा लक्ष फक्त पुढच्या झाडावर, पुढच्या घोटभर पाण्यावर ठेवायचं, आणि तोंडातून एकही तिरकस शब्द काढायचा नाही.

चालून घरी आलास की लगेच आडवा होऊ नकोस. बूट धुऊन कागद कोंबून ठेव, सॅक रिकामी करून पुन्हा भर, मग दहा मिनिटं बसून आजचा रस्ता आठवणीतून कागदावर काढ. पूल, देऊळ, वळणं, कुठे कोणती गाडी उभी होती. दमलेल्या डोक्याकडून नीटस काम करून घ्यायची ही सवय पुढे नकाशा आणि कंपास हातात आल्यावर कामी येईल.

शेवटी तू विचारलं आहेस, ‘काका, नाही झालं तर?’ प्रोबेशनमधून परत आलेला अधिकारी आपल्या मूळ पलटणीत जातो आणि तिथे त्याच्या हाताखाली तीसेक जवान असतात. त्यांना त्याच्या टोपीच्या रंगाशी घेणं-देणं नसतं. रात्रीच्या गस्तीला साहेब पुढे आहे की नाही, आणि रजेचा अर्ज वेळेवर पुढे पाठवतो की नाही, एवढंच ते बघतात. तू जी दोन वर्षं घालवणार आहेस त्यातलं बहुतेक सगळं तिथेही लागतं.

नवं वेळापत्रक करून पाठव. त्यात आठवड्याचा एक दिवस रिकामा दिसला नाही तर मी ते वाचणारसुद्धा नाही. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता. क. – बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात, माप तेव्हाचंच खरं. जाड मोजे सोबत ने आणि ते घालूनच बघ. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नवे बूट आधी महिनाभर बिनवजनाचे वापरायचे.