आक्षेप कागदावर हवा

प्रिय पोरी,

चाचणीच्या अहवालावर सही करायला तुझं मन धजत नाही आणि साहेब म्हणतात, ‘तोंडी सांगितलंस ना, मग झालं.’ नाही झालं! बैठक उठली की तोंडी सांगितलेलं संपतं. लिहून दे.

एका कागदानं काय होणार, असं विचारतेस. अमेरिकेच्या अवकाशयानाला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्यांकडे दुर्लक्ष झालं तर माणसं जातील, हे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते रॉजर बोजोले यांनी 31 जुलै 1985 ला लिहून दिलं होतं. चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्रीही ते आणि त्यांचे सहकारी, या थंडीत उड्डाण नको, म्हणून भांडले. नासाची नाराजी दिसताच कंपनीतल्या वरिष्ठ अभियंत्याला ‘इंजिनिअरची टोपी काढ, व्यवस्थापकाची घाल’ असं सांगण्यात आलं. 28 जानेवारी 1986 ला सात जण गेले. कागदानं ते वाचले नाहीत, मान्य. पण ‘हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं’ असं चौकशीत म्हणायची सोय उरली नाही.

नासाचं वर्षाला 24 उड्डाणांचं उद्दिष्ट होतं, 1985 मध्ये जेमतेम नऊ झाली. घाई तिथून आली.

आणि कोलंबिया यान? अवकाश स्थानकाचा खर्च हाताबाहेर गेला, म्हणून त्याचा मुख्य भाग जोडून पूर्ण करायला 19 फेब्रुवारी 2004 ही मुदत बसवली गेली. व्यवस्थापकांच्या संगणकांवर ती उलटी मोजणारे स्क्रीनसेव्हर होते. कोलंबियाच्या उड्डाणात इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. अभियंत्यांनी कक्षेतल्या यानाची छायाचित्रं मागितली, मागणी रद्द झाली. एकानं कडक शब्दांत ईमेल लिहिला, पण वरिष्ठांना डावलायला नको म्हणून वर पाठवलाच नाही. 1 फेब्रुवारी 2003 ला कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी परतले नाहीत. तेव्हा नुसतं लिहू नकोस, पाठव. पोच घे.

‘त्रास होईल का?’ होईल. माझी बढती अडली, हेकट म्हणून नाव पडलं, तुझ्या काकूंनीही त्यापायी पुष्कळ सोसलं. मी स्वतःचीच बाजू मांडतोय असं वाटेल, वाटू दे. न पाहिलेल्या चाचणीखाली माझी सही कुठेही सापडणार नाही.

नोकरी सोडायचं आत्ता बोलू नकोस, त्याचा मला राग येतो. तू गेलीस तर तिथं लिहिणारं कोण?

मजकुरात विशेषणं नकोत. चाचणीचा क्रमांक, मोजलेला आकडा, ठरलेली मर्यादा, तुझी हरकत आणि तारीख, एवढंच. उद्या बैठकीच्या आधी दे, नंतर नाही.

तुझा,
काका