साक्ष काय देऊ?

“ताई, मी तिथे गेले आणि काहीच केलं नाही. आता रविवारी मंडळीत साक्ष काय देऊ?”

डिसेंबरच्या सुरुवातीला दादरच्या माझ्या खोलीत बसून 27 वर्षांची एक नर्स हे म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या लोकांसमोर, सांगणं. मिशनच्या कामासाठी परदेशी जाऊन आलेली किंवा जायला निघालेली तरुण मुलं माझ्याकडे मनातलं बोलायला येतात. शब्द वेगळे असतात, प्रश्न बहुतेक वेळा हाच: तिथे ठरल्यासारखं झालं नाही तर माझं पाचारणच, म्हणजे देवाने मला या कामाला बोलावलं हेच, खोटं होतं का? म्हणून तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, तिची गोष्ट सांगते.

ती भायखळ्याकडच्या एका मराठी मंडळीतली. तिच्या प्रवासासाठी तरुण संघाने वर्गणी काढली, महिला मंडळाने लोणची विकली. निघायच्या आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पश्चिम केनियात, किसुमू शहरापासून बरंच आत, एका खेड्यात तीन आठवडे वैद्यकीय शिबिरात काम करायचं होतं. तयारीत तिने कसर ठेवली नव्हती. पिवळ्या तापाची लस निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, तिने महिनाभर आधी घेतली. रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या, सगळं बॅगेत. फोनवरच्या ॲपवरून रोज अर्धा तास स्वाहिली शिकली.

दुसऱ्याच दिवशी कळलं की तिचा परवाना आलेला नाही. बाहेरच्या देशातल्या नर्सला तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या परवानगीशिवाय रुग्णावर उपचार करता येत नाहीत, आणि तिला नेणाऱ्या संस्थेने अर्जच उशिरा केला होता. त्यात नोव्हेंबरचा पाऊस. शिबिराच्या डॉक्टरांची गाडी दोनदा चिखलातून परत फिरली. ती राहत होती त्या घरातल्या आजीला स्वाहिली जेमतेम समजायची, त्या भागात लुओ बोलतात. पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले. फोन चार्ज करायला बाजाराच्या गावी जावं लागे.

“मग दिवसभर काय करायचीस?”

“काही नाही. पाणी आणायचे, भाजी चिरायचे, आजीपाशी बसायचे.”

या ‘काही नाही’कडे मला यायचं होतं, पण त्याआधी झोपेबद्दल विचारलं. झोप नव्हती. भयंकर स्वप्नं पडत होती, परत आल्यावरही. मलेरियासाठी कोणती गोळी घेतेस विचारल्यावर तिने पर्समधून पाकीट काढलं. मेफ्लोक्विन, आठवड्याला एक. हे औषध काहींना वाईट स्वप्नं, घबराट, उदासी आणतं, ही माहीत असलेली गोष्ट आहे. परतल्यावरही ते चार आठवडे घ्यायचं असतं, त्यामुळे ती अजून त्याच्या अमलाखाली होती. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस, आजच डॉक्टरांना गाठ, असं सांगून मी तिला पाठवलं. त्यांनी गोळी बदलली. ती सगळी स्वप्नं तिने विश्वास डळमळल्याची खूण मानली होती! अशा प्रवासातून आलेल्या माणसाच्या मनाविषयी बोलण्याआधी औषधं आणि झोप यांची चौकशी करावीच, हे मी कळकळीने सांगते.

पुढच्या भेटीत मी तिला एकच दिवस पहाटेपासून सांगायला लावला.

तिने सांगितलं ते असं. विहिरीवरून पाणी 20 लिटरच्या पिवळ्या कॅनमधून आणतात. तिला तो उचलवेना, म्हणून आजीने लहान मुलांचा 5 लिटरचा कॅन हातात दिला आणि सगळी पोरं हसली. मग भाजी. सुकुमा विकी म्हणजे तिथली रोजची पालेभाजी. नावाचा अर्थच ‘आठवडा ढकल’ असा. आजी पानांची जुडी डाव्या मुठीत आवळून धरायची आणि उजव्या हातातल्या सुरीने केसासारखी बारीक चिरायची. खाली पाट नाही, विळी नाही. हिने पाट मागितला, मग खुणेने मागितला. आजीने मान हलवली आणि स्वतःची मूठ हिच्या मुठीवर ठेवली. आठव्या दिवशी जमलं. अंगठ्यावरचा व्रण तिने मला दाखवला.

“बघ, हेच तुझं खरं काम होतं” असं मी म्हटलं नाही. मंडळीत पुष्कळांनी तिला तेच सांगितलं होतं आणि दर वेळी ती जास्त गप्प झाली होती. पाच वर्षं हातात कसब आलेल्या नर्सला दाराबाहेर बसवलं, तर वाईट वाटणारच. त्या दुःखाला घाईने आशीर्वादाचं नाव देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मी विचारलं, “अर्ज उशिरा कोणी केला?”

“संस्थेने. पण ते पण सेवाच करतात ना ताई.”

“राग आला होता?”

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग ती रडली. रागावणं म्हणजे कुरकुर, आणि कुरकुर म्हणजे अविश्वास, हे तिच्या मनात लहानपणापासून बसलेलं. माझं माहेर नगरचं, ख्रिस्ती घर. हे गणित मला परकं नाही. संस्थेची चूक, गोळीचा परिणाम, पाऊस, जुलाब, सगळ्याचा हिशोब तिने एकाच खात्यावर मांडला होता: माझा विश्वास कमी पडला. आमचं पुढचं सगळं काम म्हणजे जे ज्याचं त्याच्या खात्यावर परत लिहिणं. संस्थेला तिने सविस्तर, स्वच्छ पत्र लिहिलं. त्यात कडवटपणा नव्हता, सौम्यपणाही नव्हता.

पाचारणाचा प्रश्न तेवढा उरला. प्रेषित पौलाचा विषय तिनेच काढला. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या 16 व्या अध्यायात त्याला आसिया प्रांतात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियाची वाट बंद होते, मग त्रोवसात रात्री मासेदोनियाचा माणूस दर्शनात दिसतो. “त्याला निदान दर्शन झालं,” ती म्हणाली. मी म्हटलं, पुढे वाच. दर्शनात दिसला पुरुष. मासेदोनियातल्या फिलिप्पैत नदीकाठी भेटल्या त्या बायका. ती थांबली. हे तिने कितीदा वाचलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. मग मी तिला मुंबईतलंच उदाहरण दिलं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1812 मध्ये कलकत्त्याला उतरले, कंपनी सरकारने राहू दिलं नाही, 1813 च्या फेब्रुवारीत मुंबई गाठली तर इथूनही निघून जायचा हुकूम. पुढचे कित्येक महिने आज काढतात की उद्या, या टांगणीत गेले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही अशी.

जे आता निघणार आहेत त्यांना माझं सांगणं आहे: बॅग भरण्याआधी संस्थेला विचारा की परवाना कोणाच्या नावाने, कधी मिळाला, आणि ठरलेलं काम थांबलं तर मी काय करायचं. आजारी पडले तर दवाखाना किती लांब? रात्री मन भरून आलं तर मनमोकळं कोणाशी बोलायचं? चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं नकोसं वाटलं तर घाबरू नका. पोट बिघडलेलं, भाषा कळत नाही, झोप अपुरी, अशा वेळी बहुतेकांना तसं वाटतं. पण कोणी तुमचा पासपोर्ट ठेवून घेतला, तापात डॉक्टरकडे नेलं नाही, अंगचटीला आलं, तर परत या. त्याला सहनशीलता म्हणत बसू नका. परतीच्या तिकिटाचे पैसे स्वतःजवळ ठेवा.

त्या रविवारी तिने साक्ष दिली नाही. पाळकसाहेबांना तिने सरळ सांगितलं, अजून तयार नाही, आणि त्यांनी ते मानलं. जानेवारीत ती आधी महिला मंडळात गेली, कारण पैसे त्यांनी उभे केले होते. परवाना आला नाही, मी नर्स म्हणून एकाही माणसाला हात लावला नाही, असं पहिल्याच वाक्यात सांगितलं. हॉल शांत झाला. मग लोणचं घालणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “पाट नाही, विळी नाही, मग भाजी चिरतात तरी कशी गं?”

कोणीतरी आतून पालकाची जुडी आणली. तिने ती मुठीत आवळली आणि मावशींना जवळ बोलावलं.