केजीएफ: खाणीच्या परवानगीमागे धावू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांना केजीएफची, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सची सोन्याची खाण आत उतरून बघायचीये, अर्ज टाकलाय आणि ऑफिसवाले धड हो म्हणत नाहीत की नाही म्हणत नाहीत. वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या सासऱ्यांच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. बंगळूरहून कसं जायचं ते तुम्ही बघितलं असेलच, ते सोडते.

आधी मुख्य गोष्ट. खाणीत उतरता येत नाही. 28 फेब्रुवारी 2001 ला खाणी बंद झाल्या, पाण्याचा उपसा थांबला आणि खाली पाणी भरलं. त्यातली चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेलेली, तिथे आता कोण नेणार? एवढं एक वाक्य जरी त्या ऑफिसात कोणी सांगितलं असतं ना! (कुठलं ऑफिस ते विचारू नका, नाव घेणार नाही.) अर्ज घेतला, आवकचा शिक्का मारला, पोच दिली, मग ओळखपत्राची झेरॉक्स आणा, मग कारण इंग्रजीत लिहून आणा, मग म्हणे हे आमच्याकडे येतच नाही, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये जा, आणि तिथे साहेब बंगळूरला मीटिंगला. सासरे सत्तरी पार केलेले, व्हरांड्यातल्या बाकावर पोच हातात धरून बसलेले, आणि एकाही माणसाला म्हणावंसं वाटलं नाही की काका, हे मिळणारच नाहीये, घरी जा. नाही म्हणायला काय पैसे पडतात का? अजून संताप होतो. माझी माहिती थोडी जुनी आहे, नियम बदललेही असतील, पण त्या कागदाच्या भरवशावर बाबांना घेऊन जाऊ नका एवढं नक्की.

माझ्या मते (पटलंच पाहिजे असं नाही) बघायचं ते सगळं जमिनीवर आहे. शाफ्टवरचे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींवरचे, ते उंच लोखंडी सांगाडे रस्त्यावरूनही दिसतात. वॉचमन नको म्हणाला तर हुज्जत घालू नका, चिरीमिरी तर अजिबात देऊ नका. बाबा इंजिनिअर आहेत म्हणालात, तर त्यांना सांगा की कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज इथे 1902 मध्ये आली, बंगळूरला 1905 मध्ये. आधी खाण, मग शहर. खाणी चालवणाऱ्या जॉन टेलर कंपनीच्या गोऱ्या साहेबांचे बंगले आणि क्लब एकीकडे, आणि कामगारांच्या लाइनीतल्या एकेका खोलीची घरं दुसरीकडे, दोन्ही एकाच दिवशी बघा, नाहीतर ते गाव कळत नाही. आणि आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचे (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) लोक इथेच दोन किलोमीटरहून खोल प्रयोग करत होते, 1965 मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो (कशालाही न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) तिथे सापडले, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

चहाच्या टपरीवर एक म्हातारे खाणकामगार भेटले. मोडकं हिंदी आणि बाकी तमिळ. खाली खडक फुटला की वर घरातली फळीवरची भांडी खणखणायची आणि बायका आधी बघायच्या की आज आपला माणूस कुठल्या शिफ्टला आहे, एवढं हातवारे करून सांगितलं त्यांनी. सासरे नंतर शाफ्टबद्दल फार बोललेच नाहीत, त्या भांड्यांबद्दलच बोलत राहिले. म्हणून सांगते, तमिळ येणारं कोणी ओळखीत असेल तर सोबत न्या.

सायनाईड डम्पवर, म्हणजे सोनं काढून उरलेल्या भुकटीचे जे करडे डोंगर आहेत, त्यांच्यावर फोटोसाठी चढू नका. सिनेमा बघून पोरं चढतात. वाऱ्याने ती धूळ आसपासच्या घरांत जाते, तिथले लोक वर्षानुवर्षं ती श्वासात घेतायत. बाबांना दमा असेल तर उन्हाळ्यात जाऊच नका (मी डॉक्टर नाही, पण तरी).

वेळ उरला तर जवळ कोटिलिंगेश्वरचं देऊळ आहे, सासूबाईंना तेच जास्त आवडलं. बंगळूरची रेल्वे केजीएफमधल्या मारिकुप्पम स्टेशनपर्यंत जाते, रिक्षाचे पैसे आधी ठरवा. सकाळी केजीएफची माणसं कामाला बंगळूरला जातात आणि संध्याकाळी परततात, त्यामुळे तुमच्या उलट्या दिशेला बाबांना बसायला जागा मिळेल.