'स्वतःप्रत' म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे : 'मुलीच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका आहे. तिच्या शेवटी "स्वतःप्रत अर्पण करीत आहोत" असं आहे. मुलगी विचारते, ही कसली प्रत? झेरॉक्ससारखी?'

मुलीचा प्रश्न मला फार आवडला. परिपाठाला आम्हीही उद्देशिका म्हणायचो, पण शेवट आला की सगळ्यांना खाली बसायची घाई. त्या शब्दावर कोणी थांबलंच नाही.

ही 'प्रत' नकलेची नव्हे. संस्कृत 'प्रति'वरून आलेलं हे जुनं शब्दयोगी अव्यय आहे. अर्थ : -कडे, -पर्यंत, -ला. 'मी या निष्कर्षाप्रत आलो' असं आपण आजही म्हणतो, तीच ही प्रत. म्हणजे स्वतःप्रत = स्वतःला. शब्दयोगी अव्यय असल्यामुळे ते जोडूनच लिहायचं. काही फलकांवर 'स्वतः प्रत' असं तोडून छापलेलं दिसतं, तिथेच घोटाळा होतो.

खरी गंमत पुढच्या शब्दात आहे. अर्पण आपण कोणाला करतो? देवाला, गुरूला, पुस्तक लिहिलं तर अर्पणपत्रिकेत आईवडिलांना. इथे मात्र देणारे 'आम्ही, भारताचे लोक' आणि घेणारेही आम्हीच. हिंदीत या जागी 'आत्मार्पित' आहे. मराठीत 'आत्मार्पण' म्हटलं की प्राणार्पण डोळ्यांसमोर येतं, म्हणून 'स्वतःप्रत अर्पण' हीच रचना मला चपखल वाटते.

आणि हे देणं-घेणं शब्दांपुरतं नव्हतं. त्याआधी देश चालत होता तो १९३५च्या कायद्यावर, आणि तो केला होता ब्रिटिश संसदेने. आपलं संविधान मंजुरीसाठी लंडनला गेलं नाही. उलट त्यातल्या ३९५व्या अनुच्छेदाने तो १९३५चा कायदाच रद्द केला. १७ ऑक्टोबर १९४९ला संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा झाली, तेव्हा सभेचे सदस्य ह. वि. कामत यांनी सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी सूचना मांडली. मतदान झालं : बाजूने ४१, विरुद्ध ६८. सभेत श्रद्धावान माणसं पुष्कळ होती, तरी पहिला शब्द 'आम्ही' हाच राहिला. ही हकिगत वाचली की मला आजही भरून येतं. देशावरचं माझं प्रेम घोषणांपेक्षा अशा एखाद्या दुपारच्या चर्चेने जास्त ताजं होतं.

आणखी एक. 'आम्ही' अनेकवचनी आहे, पण 'स्वतः'ला वचन नाही. ते एकट्यालाही लागतं आणि सगळ्यांनाही. मुलीला सांगा, या 'स्वतः'मध्ये तीही आली. वाचताना 'स्वतःप्रत' एका दमात म्हणायचं, आणि मग क्षणभर थांबून 'अर्पण'.